विद्यार्थ्यांची वाणी आणि संघवृत्ति
(महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं विद्यार्थ्यांना उद्देशून चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी महोत्सव समितीचा ऋणी आहें. महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याची वेळ खरी. परंतु ज्या धर्मग्रामांत मुलेंबाळें आहेत त्यानें जितकें मागें पाहावें तितकेंच पुढेंहि पाहावें. म्हणून मीं असा विषय निवडला आहे कीं, ज्याचा संबंध येत्या पंचवीस वर्षांत या सभामंडपांत कोण उभें राहून बोलेल आणि कोण कोणाच्या खांद्याला खांदा लावून काम करील, या प्रश्नाशीं आहे. चारचौघांपुढें नीट बोलतां येणें आणि चारचौघांबरोबर नीट काम करतां येणें, हे दोन गुण विद्यार्थिदशेंत कसे संपादन करावे, हा तो विषय होय.

हे दोन गुण अगदीं निरनिराळे आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. वक्तृत्व म्हटलें कीं व्यासपीठ, हातवारे आणि बक्षिसाचा प्याला डोळ्यांपुढें येतो. सहकार्य म्हटलें कीं खेळाचें मैदान अथवा सणाच्या दिवशीं खुर्च्या मांडणारी पोरें आठवतात. माझें म्हणणें असें आहे कीं, हीं एकाच विद्येचीं दोन अंगें आहेत. ज्याला दुसऱ्याचें ऐकतां येत नाहीं त्याला खऱ्या अर्थानें बोलतां येत नाहीं. आणि ज्यांना एकमेकांशीं मोकळेपणानें बोलतां येत नाहीं त्यांना एकत्र काम करतां येत नाहीं. हें म्हणणें कितपत खरें आहे तें आपण आतां पाहूं.

प्रथम या विषयाची निकड सांगतों. आज आपल्या घरांतील मुलेंमुली पूर्वीपेक्षां पुष्कळ शिकत आहेत. ज्या घरांत आजोबा कागदावर अंगठा उठवीत होते त्या घरांत आज नात पदवीधर होते, ही परमेश्वराची कृपा आणि आईबापांच्या कष्टांचें फळ आहे. परंतु पदवीचा कागद हातांत घेऊन मुलाखतीच्या खोलींत शिरलेला मुलगा, ‘आपली थोडी माहिती सांगा’ एवढ्या साध्या प्रश्नानें गोंधळून जातो, असेंहि आपण पाहतों. उत्तर त्याला ठाऊक असतें, पण तें घशांतून वर येत नाहीं. त्याच्याहून कमी जाणणारा, परंतु जाणतो तेवढें नीटनेटकें सांगणारा दुसरा उमेदवार ती जागा घेऊन जातो. ही हानि एका मुलाची झाली.

याहून मोठी हानि सबंध वस्तीची होते. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा घ्या, पतपेढीची घ्या, शाळेंतील पालकांची घ्या. रस्ता कोठून जावा, गटार कोणीं बांधावें, फी किती असावी, अशा प्रश्नांवर जो उभा राहून बोलतो त्याचें मत सभेचें मत म्हणून लिहिलें जातें. जो गप्प बसतो तो घरीं परततांना वाटेंत सर्व कांहीं बोलतो. परंतु वाटेंत बोललेलें इतिवृत्तांत येत नाहीं. आणि पुढें निर्णय अंगावर आला म्हणजे ‘आम्हांला कोणी विचारलें नाहीं’ अशी तक्रार उरते. विचारलें होतें, उत्तर देण्याची संवय आपण लहानपणीं लावून घेतली नव्हती.

तिसरी हानि संघवृत्तीच्या अभावानें होते. शाळाकॉलेजांत हल्लीं चार-पांच विद्यार्थ्यांनीं मिळून एक प्रकल्प करावा अशी पद्धति आहे. हेतु उत्तम, परंतु पुष्कळदां घडतें काय? एक कष्टाळू मुलगी रात्रभर बसून सर्व काम करते, आणि बाकीचे आपलीं नांवें घालतात. गुण सर्वांना मिळतात, शिकते मात्र ती एकटी. आणि तीहि शिकते तें हेंच कीं, दुसऱ्यांवर विसंबून राहूं नये. चार नांवें एका कागदावर आलीं म्हणजे संघ होत नाहीं. आवणीच्या दिवसांत एकाच्या शेतावर सर्व शेजारी जातात आणि दुसऱ्या दिवशीं तोच दुसऱ्याच्या शेतावर जातो; समुद्रावर तांडेल सुकाणूं धरतो आणि खलाशी जाळें ओढतात; गायनवृंदांत चार स्वर निरनिराळे असूनहि गीत एकच निघतें. संघ म्हणजे काय हें आपल्या वाडवडिलांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. तीच वृत्ति विद्येच्या क्षेत्रांत आणावयाची आहे.

आतां कित्येक विद्यार्थी मनांत म्हणत असतील कीं, ‘हें सर्व ठीक; परंतु आमचा स्वभावच लाजाळू, त्याला काय करावें?’ अशांनीं महात्मा गांधींच्या आत्मचरित्रांतील तरुणपणचा भाग वाचावा. लंडन येथें कायद्याचा अभ्यास करीत असतां ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर होते. परंतु बैठकींत तोंड उघडण्याचा धीर त्यांना होत नसे. एका महत्त्वाच्या वादांत त्यांनीं आपलें मत कागदावर लिहून नेलें, आणि तें वाचून दाखविण्याचेंहि धैर्य न झाल्यामुळें अध्यक्षांनीं तें दुसऱ्याकडून वाचवून घेतलें. १८९१ सालीं स्वदेशीं परतण्यापूर्वीं मित्रांना दिलेल्या भोजनप्रसंगीं त्यांनीं मोठ्या काळजीनें तयार केलेलें भाषण पहिल्या वाक्यापुढें गेलें नाहीं. मुंबईस आल्यावर स्मॉल कॉज कोर्टांतील पहिल्याच खटल्यांत ते साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास उठले, आणि एकहि प्रश्न न सुचून खालीं बसले.

तेच गृहस्थ १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें तेथील हिंदी लोकांच्या सभेपुढें उभे राहिले आणि नीट बोलले. आपल्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण म्हणून त्यांनीं त्याचाच उल्लेख केला आहे. अवघ्या दोन वर्षांत हा पालट कशानें झाला? माझ्या मतें, लंडनमध्यें त्यांचें लक्ष ‘मी कसा दिसेन, मी कसा बोलेन’ इकडे होतें. प्रिटोरियांत तें समोर बसलेल्या माणसांच्या अडचणींकडे लागलें होतें. त्या भाषणांत त्यांनीं व्यापारांतील सचोटीविषयीं सांगितलें, एक मंडळ स्थापण्याची सूचना केली, आणि ज्यांना इंग्रजी शिकावयाचें असेल त्यांना आपण स्वतः शिकवूं असेंहि कबूल केलें. पुढें एक न्हावी, एक कारकून आणि एक लहानसा दुकानदार असे तीन विद्यार्थी त्यांना मिळाले. विद्यार्थी मित्रहो, भाषणाच्या शेवटीं वक्त्यानें स्वतःच्या शिरावर एक काम घेतलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. लाज ही बहुधा स्वतःकडे फार पाहिल्यानें उत्पन्न होते. डोळे दुसऱ्याच्या गरजेकडे वळले म्हणजे जीभ आपोआप सैल होते. त्याच लाजेनें आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली, असेंहि गांधीजींनीं पुढें म्हटलें आहे. तेव्हां लाजाळू मुलानें निराश होण्याचें कारण नाहीं. त्याच्यापाशीं एक अर्धा गुण आधींच आहे.

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतील, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें. १८९७ सालीं, वयाची एकतीस वर्षें पूर्ण झाली असतील नसतील अशा वेळीं, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते लंडनला गेले. मुरलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रश्नांच्या भडिमारापुढें हा पुण्याचा तरुण प्राध्यापक ढळला नाहीं. परंतु ती साक्ष एकट्या गोखल्यांची नव्हती. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं तिची दिशा आंखून दिली होती, आणि गणेश व्यंकटेश जोशी या आंकडेशास्त्रांत निष्णात असलेल्या शिक्षकांनीं सरकारी अहवाल धुंडाळून आंकड्यांची जुळणी करण्यास मदत केली होती. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत गोखल्यांचें अंदाजपत्रकावरील भाषण झालें. सरकारी खजिन्यांत दिसणारी शिल्लक म्हणजे प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे, हें त्यांनीं त्यांत आंकड्यांनींच दाखविलें, आणि देशभर त्यांचें नांव झालें. लोकांना एक मनुष्य बोलतांना दिसतो. त्याच्या पाठीमागें शोधणारा, तपासणारा, चूक दाखविणारा आणि सल्ला देणारा असा संघ उभा असतो. उत्तम वक्ता हा एका संघाचा मुखत्यार असतो, असें मी म्हणतों तें याच अर्थानें.

आपल्या पवित्र ग्रंथांतहि ही गोष्ट नाहीं काय? निर्गमाच्या पुस्तकांत मोशे आपण जिभेचा जड असल्याचें सांगतो, तेव्हां त्याचा भाऊ अहरोन त्याच्या वतीनें बोलण्यास दिला जातो. आणि पुढें सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे तोडीत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो कीं, हें काम तुझ्या एकट्याच्या शक्तीबाहेरचें आहे. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. वाणींतील उणीव आणि कामाचा भार, या दोहोंवरचा उपाय एकच निघाला, आणि तो म्हणजे सोबत.

आतां केवळ विद्यार्थ्यांनींच केलेल्या एका कार्याकडे वळूं. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनीं आपल्या प्राध्यापकांच्या साहाय्यानें १८४८ सालीं ‘स्टुडंट्स लिटररी ॲण्ड सायंटिफिक सोसायटी’ नांवाची सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी हे त्या सभेंतील पुढारी तरुण. सभासदांनीं निबंध लिहून आणावे, ते सर्वांपुढें वाचावे आणि त्यांवर चर्चा करावी, असा क्रम असे. केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांपुरतें हें काम राहूं नये म्हणून तिच्या मराठी आणि गुजराती शाखाहि निघाल्या.

ही सभा एवढ्यावरच थांबती तर आज तिची आठवण काढण्याचें कारण नव्हतें. परंतु स्त्रीशिक्षणाविषयीं एक निबंध वाचला गेला, त्यावर वाद झाला, आणि मग प्रश्न उभा राहिला कीं, इतकें बोललों, आतां करावयाचें काय? १८४९ सालीं या तरुणांनीं मुंबईंत मराठी व पारशी मुलींसाठीं शाळा काढल्या. शिक्षकांना देण्यास पैसा नव्हता, तेव्हां सभासदच आपला वेळ काढून विनावेतन शिकवूं लागले. लोकमत प्रतिकूल होतें. मुलींना शिकविणें हें कित्येकांना घरादाराचा नाश करण्यासारखें वाटे. या तरुणांनीं दारोदार जाऊन आईबापांची समजूत घातली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांनीं त्यांना आश्रय दिला, आणि गिरगांवांतील मुलींच्या शाळेला पुढें त्यांचेंच नांव मिळालें. पाहा, येथें वक्तृत्व कोठें संपलें आणि सहकार्य कोठें सुरू झालें हें सांगतां येईल काय? सभेंत बोलण्याचा सराव झाला नसता तर दारांत उभे राहून रागावलेल्या पालकाशीं सौम्यपणें बोलतां आलें नसतें. आणि शिकविण्याच्या पाळ्या वांटून घेणारा संघ नसता तर तो निबंध कागदावरच राहिला असता.

शिक्षणाची ही पद्धति आपल्या ख्रिस्ती शाळांनाहि परकी नाहीं. येशूसंघीयांनीं १५९९ सालीं आपल्या विद्यालयांसाठीं जी अभ्यासपद्धति ठरविली, तींत विद्यार्थ्यांच्या भाषणांना आणि वादविवादांना नियमित स्थान होतें. वर्गाचे दोन पक्ष करून एकमेकांस प्रश्न विचारणें, प्रत्येक विद्यार्थ्याला तोडीस तोड असा एक प्रतिस्पर्धी नेमून देणें, दहा-दहा मुलांच्या तुकडीवर एक नायक ठेवून त्यानें बाकीच्यांचे धडे ऐकणें, आणि विद्यार्थ्यांनीं आपलीं मंडळें चालवून त्यांचे अधिकारी निवडणें, अशी ती योजना होती. अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर १९२४ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील सांता आना गांवीं राल्फ स्मेडली या गृहस्थांनीं ‘टोस्टमास्टर्स’ नांवाचें भाषणमंडळ काढलें. त्याच्या शाखा आज जगभर पसरल्या आहेत. तेथें एक भाषण करतो, एक घड्याळ पाहतो, एक भाषेंतील गुणदोष टिपतो आणि एक भाषणाचें परीक्षण करतो. पुढील बैठकींत कामांची अदलाबदल होते. सव्वातीनशें वर्षांच्या अंतरानें दोन निराळ्या देशांतील माणसें एकाच निष्कर्षावर आलीं, तो असा कीं, बोलण्याची कला एकट्यानें आरशापुढें शिकतां येत नाहीं. ती मंडळींतच शिकावी लागते.

विद्यार्थी मित्रहो, आतां आपण काय करावें तें सांगतों. मोठी संस्था नको, वर्गणी नको, उद्घाटन तर नकोच. आठ-दहा जणांचें एक लहानसें मंडळ करा. त्यांत मुलगे असावे तशा मुलीहि असाव्या. आठवड्यांतून एक तास ठरवा, आणि तो पावसानेंहि चुकवूं नका. प्रत्येक बैठकीला एक अध्यक्ष, एक घड्याळ पाहणारा, एक टिपण लिहिणारा आणि एक परीक्षक असावा, आणि हीं कामें पाळीपाळीनें सर्वांकडे यावीं. जो नेहमीं बोलतो त्याच्याकडे टिपण द्यावें, आणि जो कधींच बोलत नाहीं त्याला अध्यक्ष करावें. टिपण लिहितांना बडबड्याला ऐकण्याची संवय लागते, आणि ‘आतां आपण बोला’ एवढें म्हणतां म्हणतां मुखदुर्बळाला स्वतःच्या आवाजाची ओळख होते.

भाषणाच्या तयारीविषयीं थोडे नियम सांगतों. पहिला नियम असा कीं, आपल्याला काय सांगावयाचें आहे तें आधीं एका वाक्यांत लिहून पाहावें. तें वाक्य लिहितां येत नसेल तर विषय अजून पिकलेला नाहीं असें समजावें. दुसरा नियम, मुद्दे तीनच घ्यावे. एक मुद्दा थोडा पडतो आणि सात कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. तिसरा, सबंध भाषण पाठ करूं नये. आरंभ आणि शेवट पक्का करावा, मधल्या मुद्द्यांचे केवळ शब्द तळहाताएवढ्या कागदावर टिपावे. पाठ केलेलें भाषण काचेच्या भांड्यासारखें असतें; एक शब्द निसटला कीं सर्व फुटतें. चौथा नियम, भाषण मोठ्यानें म्हणून पाहावें. प्रथम एकट्यानें, मग घरांतील एका माणसापुढें, मग पांच जणांपुढें. मनांतल्या मनांत प्रत्येक जण उत्तम वक्ता असतो. हल्लीं घरोघरीं फोन आहे आणि त्यांत आवाज उतरवून घेण्याची सोय आहे. तिचा असा उपयोग करावा. आपलें बोलणें आपणच ऐकलें म्हणजे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ हे पाहुणे किती वेळां न बोलावतां येतात तें कळून येतें.

उभें राहिल्यावर लगेच सुरुवात करूं नये. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकावे, एक श्वास शांतपणें घ्यावा, शेवटच्या रांगेंतील माणसाकडे पाहावें आणि पहिलें वाक्य त्याला ऐकूं जाईल असें उच्चारावें. भीति वाटली म्हणजे मनुष्य भरभर बोलतो, आणि भरभर बोलला कीं श्वास तुटून भीति वाढते. यावर उपाय एकच, वाक्य संपलें कीं थांबावें. तो क्षण वक्त्याला युगासारखा वाटतो, श्रोत्याला मात्र तो विसावा असतो. आणि वेळ पाळावी. पांच मिनिटें मिळालीं असतां बारा मिनिटें बोलणारा पुढच्या वक्त्याची सात मिनिटें घेत असतो. ती गोष्ट वक्तृत्वांत मोडत नाहीं.

वादविवादासाठीं एकच नियम पुरे आहे. समोरच्याचें म्हणणें खोडण्यापूर्वीं तें आपल्या शब्दांत सांगावें, आणि ‘होय, माझें म्हणणें हेंच’ असें त्यानें कबूल केल्यावरच पुढें जावें. हा नियम पाळून पाहा. निम्मे वाद सुरूच होणार नाहींत, कारण ते मतभेदानें नव्हे तर अर्धवट ऐकण्यानें उत्पन्न झालेले असतात. मधून मधून आपल्या मताच्या उलट पक्ष घेऊन बोलावें. त्यानें आपलें मत बदलेलच असें नाहीं, परंतु विरोधक मूर्ख अथवा दुष्टच असला पाहिजे ही समजूत खास जाईल. परीक्षकानेंहि आधीं दोन चांगल्या गोष्टी सांगाव्या आणि मग सुधारण्यासारखी एकच सांगावी. दहा दोष एकदम सांगितले तर मुलगा सुधारत नाहीं, मंडळांत येणें सोडतो.

परंतु नुसतें बोलत राहिलें तर हें मंडळ सहा महिन्यांत वाळून जाईल. म्हणून दर तीन महिन्यांनीं एक काम हातीं घ्या. काम लहान असावें, पण खरें असावें. पांचवी-सहावींतील मुलांना गणित शिकविणें, वृद्धांना बँकेचे आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून देणें, गांवांतील जुन्या विहिरींची नोंद करणें, वयोवृद्ध माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलींत टिपून ठेवणें, यांपैकीं कांहींहि चालेल. काम ठरलें म्हणजे तीन गोष्टी लिहून काढाव्या: काय करावयाचें, तें कोणी करावयाचें आणि केव्हांपर्यंत करावयाचें. ‘आपण सर्वांनीं मिळून पाहूं’ असें जेथें लिहिलेलें असतें तेथें कोणीच पाहत नाहीं. दहा रुपये खर्च झाले तरी हिशेब सर्वांपुढें ठेवावा. पैशाच्या हिशेबांत कोवळ्या वयांत लागलेली शिस्त पुढें मोठ्या संस्थांतून उपयोगी पडते, आणि न लागलेली शिस्तहि तेथेंच उघडी पडते.

भांडणें होतील. त्यांना भिऊं नका. कामांत दोष असेल तर कामाविषयीं बोला, माणसाविषयीं बोलूं नका. आणि जें बोलावयाचें तें बैठकींत बोला, पाठीमागें बोलूं नका. यश आलें तर ‘आम्ही केलें’ म्हणा. अपयश आलें तर नायकानें प्रथम उभें राहून त्याची जबाबदारी घ्यावी. असा नायक मिळाला म्हणजे मंडळी त्याच्यासाठीं दुप्पट खपतात, आणि श्रेय आपल्याकडे व दोष दुसऱ्याकडे ढकलणाऱ्या नायकाची मंडळी एकेक करून पांगते.

भाषेविषयीं एक शब्द. कित्येक पालकांना वाटतें कीं, भाषण म्हणजे इंग्रजी भाषण. इंग्रजी अवश्य शिकावी. तिच्यावांचून आज पुष्कळ दारें बंद राहतात. परंतु विचार करावयास आणि मांडावयास मूल प्रथम शिकतें तें घरच्या भाषेंत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले, येथील लोकांची भाषा मनापासून शिकले, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मंडळी जमवून मोठ्यानें वाचावा, सर्वांनीं ऐकावा, यासाठीं रचलेला आहे. ओंवी त्यांनीं कां निवडली? तर ऐकणाऱ्यांच्या कानांना तिची ओळख होती म्हणून. श्रोत्याला जी भाषा कळते ती शिकण्याचे कष्ट वक्त्यानें घ्यावे, हा धडा त्यांनीं घालून दिला. तेव्हां सभेंत शुद्ध मराठी बोला, घरीं आपली बोली बोला, आणि दोहोंपैकीं एकीचीहि लाज बाळगूं नका.

शेवटीं वडील मंडळींस माझी हात जोडून विनंती आहे. थोरांपुढें बोलूं नये, अशी शिकवण आपल्यांतील बहुतेकांना मिळाली. तिच्यांत विनय होता, हें मी नाकारीत नाहीं. परंतु ज्या मुलाला पंधरा वर्षें ‘गप्प बस’ असें सांगितलें, त्यानें विसाव्या वर्षीं मुलाखतींत धीटपणें बोलावें, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? जेवतांना मुलाला विचारा, ‘आज काय पाहिलेंस? तुला काय वाटलें?’ आणि तें सांगत असतां हातांतला फोन खालीं ठेवा. घरांत कांहीं ठरवावयाचें असेल तर मुलीचेंहि मत घ्या. मुलाचें घेऊन मुलीला पाणी आणावयास पाठवूं नका. १८४९ सालच्या त्या तरुणांनीं ज्या गोष्टीसाठीं दारोदार बोल ऐकून घेतले, ती गोष्ट आपण आपल्याच स्वयंपाकघरांत तरी पुरी करूं या. आणि एखादें मूल व्यासपीठावर अडखळलें तर हसूं नका. त्या एका हशानें कायमचे मुके झालेले कितीतरी शहाणे लोक आपल्या वस्त्यांत आहेत.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, हा महोत्सव ज्यांच्या कष्टांमुळें आपण पाहत आहों ते सर्वच कांहीं मोठे वक्ते नव्हते. परंतु कोणी तरी पहिल्यानें उभें राहून ‘हें आपण करूं’ असें म्हटलें असेल, आणि बाकीच्यांनीं ‘होय, करूं’ असें उत्तर दिलें असेल. त्यावांचून एक वीटहि दुसरीवर चढत नाहीं. पुढील महोत्सवापर्यंत तुम्हीं या दोन्ही गोष्टी शिकून घ्याव्या. प्रसंगीं पहिल्यानें उभें राहावें, आणि दुसरा उभा राहिला तर त्याला प्रामाणिकपणें साथ द्यावी. येत्या रविवारींच आठ जणांनीं एकत्र बसून पहिला अध्यक्ष निवडावा, आणि तो तुमच्यांतील सर्वांत कमी बोलणारा असावा, एवढीच माझी सूचना आहे.

मला दिलेली वेळ संपत आली असल्यामुळें मींच सांगितलेला नियम पाळून, मी आपली रजा घेतों.